ट्रॅव्हल मोटर खरंच गेली का? ऑर्डर देण्याआधी केस ड्रेन मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २० टनी एक्सकॅव्हेटर, मीटरवर ९ हजार तासांच्या वर, सकाळी थंड असताना मशीन सरळ चालतं आणि दुपारी ऑइल गरम झालं की डावा ट्रॅक मागे पडतो, चढावर तर जवळजवळ थांबतोच. मेकॅनिक म्हणतो ट्रॅव्हल मोटर (ऑइलच्या प्रेशरवर ट्रॅक फिरवणारी मोटर) घासली, बदला. ऑपरेटर म्हणतो अजून एक सीझन आरामात निघेल. आता ऐकायचं कोणाचं?

माझं मत आधीच सांगतो, अजून कोणाचंच ऐकू नका. मेकॅनिक बरोबर असू शकतो, लक्षणं तशीच आहेत, पण लक्षणांवरून मोटर बदलायची नसते, मोजून बदलायची असते. अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यासाठी एक चांगलं प्रेशर गेज, मापाची बादली, घड्याळ आणि दोन-चार प्लग एवढंच लागतं. इतकी वर्षं मोटरी उघडतोय, त्यात सगळ्यात जास्त वाईट मला घासलेल्या मोटरीचं वाटत नाही, टेबलावर खोलल्यावर आत सगळं आरशासारखं निघतं त्या मोटरीचं वाटतं, कारण मालकाने तेव्हा नव्या मोटरीचे पैसे भरलेले असतात आणि मशीनचा प्रॉब्लेम तसाच उभा असतो.

आधी मोटर घासते म्हणजे नक्की काय होतं ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप लागत जाईल. तुमच्या मशीनमधे बहुतेक अ‍ॅक्सियल पिस्टन मोटर असणार, म्हणजे फिरणारा ब्लॉक, त्यात पिस्टन, पिस्टनच्या टोकाला पितळी शू, ते शू तिरक्या स्वॅश प्लेटवर घसरतात आणि ब्लॉकचं दुसरं तोंड व्हॉल्व्ह प्लेटवर फिरतं. पिस्टन आणि ब्लॉकच्या बोअरमधली फट असते साधारण १०-२० मायक्रॉनची, माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. या फटीत ऑइलचा पातळ थर असतो आणि त्याच्यावरच सगळं तरंगत असतं. त्यामुळे थोडं ऑइल नव्या मोटरीतही केसिंगमधे, म्हणजे बाहेरच्या कवचात, झिरपतंच, ते झिरपायलाच हवं, तेच आतलं वंगण आहे. हे ऑइल केस ड्रेनच्या बारीक लाइनने टाकीत परत जातं.

आता महत्त्वाची गोष्ट. फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, ८ पट होते. म्हणून मोटर हळूहळू म्हातारी होताना कोणालाच दिसत नाही आणि मग शेवटच्या काही शे तासांत अचानक ढासळल्यासारखी वाटते. आणि दुसरं, ऑइल जेवढं पातळ तेवढी गळती जास्त. ४६ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल ४० डिग्रीला ४६ सेंटिस्टोक जाड असतं, तेच ८० डिग्रीला १०-१२ वर येतं, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. त्याच फटीतून चौपट ऑइल निसटणार. सकाळी ठणठणीत आणि दुपारी ढिलं, याचं कारण हे आहे. गरम झाल्यावरच दम सुटणं हे आतल्या गळतीचं लक्षण आहे यात मला काही शंका नाही. पण ही गळती मोटरीतच आहे असं मात्र यावरून अजिबात ठरत नाही, पंपातही असू शकते, ऑइल वाटून देणाऱ्या मेन व्हॉल्व्हमधे असू शकते, सेंटर जॉइंटमधे (फिरणाऱ्या वरच्या भागातून खालच्या ट्रॅककडे ऑइल नेणारा सांधा) असू शकते. नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे.

मग शोधायचं कसं? आधी फुकटातल्या गोष्टी.

डावा ट्रॅक पुढे आणि मागे दोन्हीकडे ढिला आहे का ते बघा. मोटर आतून झिजली असेल तर सहसा दोन्ही दिशांना सारखीच कमजोर पडते. फक्त पुढेच मार खातो आणि रिव्हर्सला व्यवस्थित चालतो, असं असेल तर मोटरीकडे नंतर या, आधी त्या बाजूचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा), काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (उतारावर मोटर सुसाट सुटू न देणारा) आणि पायलट लाइनचं (लिव्हरचा इशारा मेन व्हॉल्व्हला पोचवणारी बारीक लाइन) प्रेशर बघा. ट्रॅकचं टेन्शन बघा, फार ताणलेला ट्रॅक किंवा चिखल आवळून बसलेले रोलर मोटरीवर भरपूर जास्तीचा लोड टाकतात. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, एवढं बघून पुढे जा.

बरेच जण बूम टेकवून एक बाजू उचलतात, ट्रॅक हवेत फिरवून फेऱ्या मोजतात आणि "स्पीड बरोबर आहे, मोटर ओके" असं जाहीर करून मोकळे होतात. ही टेस्ट करा जरूर, पण तिच्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, कारण हवेत फिरणाऱ्या ट्रॅकला प्रेशरच लागत नाही, आणि प्रेशर नाही तर गळतीही नाही. झिजलेली मोटर हवेत मस्त फिरते आणि चढावर मान टाकते. ऑइल गरम करून, सपाट जमिनीवर आणि मग चढावर, तीन वेळा वेळ लावा आणि लिहून ठेवा.

त्यानंतर होजची अदलाबदल. मेन व्हॉल्व्हकडून सेंटर जॉइंटवर येणाऱ्या डाव्या ट्रॅव्हलच्या दोन्ही लाइन उजव्याच्या जागी आणि उजव्याच्या डाव्याच्या जागी लावायच्या. (इंजिन बंद, लिव्हर चारी बाजूंना हलवून प्रेशर सोडलेलं, टाकीचं प्रेशर सोडलेलं, बकेट जमिनीवर, हे झाल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. आणि गळती शोधायला हात तर कधीच फिरवायचा नाही, बारीक छिद्रातून येणारी धार कातडीतून आत शिरते, सुरुवातीला सुई टोचल्यासारखं वाटतं आणि नंतर बोट कापायची वेळ येते.) अदलाबदल केल्यावर डावा लिव्हर उजवा ट्रॅक चालवेल हे ऑपरेटरला आधी सांगा, आजूबाजूची माणसं लांब करा. आता दोष डाव्या ट्रॅकवरच राहिला तर दोष जॉइंटमधे किंवा त्याच्या खाली आहे. दोष उजवीकडे गेला तर तुमची मोटर निर्दोष आहे, वर पंप, व्हॉल्व्ह, पायलट यात शोधा.

इथे एक माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती मी नंतर अनेक चांगल्या मेकॅनिकना करताना बघितलीय. सुरुवातीच्या काळात अगदी असंच एक मशीन आलं होतं, ट्रॅक गरम झाल्यावर ढिला. मी अदलाबदल केली, दोष खालीच राहिला. मग केस ड्रेन मोजला, पण खाली चिखलात झोपायला नको म्हणून सेंटर जॉइंटच्या वरच्या बाजूला ड्रेनची लाइन सोडून मोजला. बादली धडाधडा भरली. मोटर गेली म्हणून सांगितलं, मालकाने नवीन मोटर आणली, बसवली, आणि ट्रॅक तसाच्या तसाच. जॉइंट खोलला तर प्रेशरच्या खोबणीचं सील कापलेलं आणि तिथून ऑइल सरळ शेजारच्या ड्रेनच्या खोबणीत जात होतं. मी मोजलं ते जॉइंटचं ऑइल होतं, मोटरीचं नव्हतंच. जुनी मोटर खोलून बघितली, अजून हजारो तास चालली असती. त्या मालकाचे पैसे माझ्यामुळे गेले हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून ड्रेन मोजायचा तर मोटरीच्या तोंडावरच, चिखल असो नाहीतर पाऊस.

आता मुख्य टेस्ट, केस ड्रेनची. ही नीट करा.

ऑइल ४५ ते ५५ डिग्रीवर आणा, कारण बऱ्याच मॅन्युअलमधे आकडे याच तापमानाला दिलेले असतात आणि थंड ऑइलवर घेतलेला आकडा काही कामाचा नसतो. तुमचा दोष गरम झाल्यावरच दिसतो म्हणून तुम्ही नंतर दुपारच्या तापमानालाही एकदा मोजा, पण पहिला आकडा मॅन्युअलच्या तापमानाला. डाव्या मोटरीचा ड्रेन होज मोटरीकडून सोडा. मशीनकडे जाणाऱ्या होजच्या तोंडाला प्लग मारा नाहीतर टाकीतलं ऑइल उलटं येईल. मोटरीच्या ड्रेन पोर्टला एक टेस्ट होज लावून तिचं दुसरं टोक बादलीत मोकळं सोडा. मोटरीचा ड्रेन पोर्ट कधीच, एका सेकंदासाठीसुद्धा बंद करून लिव्हर ओढायचा नाही. केसिंगमधलं ऑइल जायला वाट नाही मिळाली तर शाफ्टचं सील तरी उडेल नाहीतर केसिंग तरी फुटेल, आणि तो फुटलेला तुकडा जवळ उभ्या माणसाला लागतो.

मग स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक) लॉक करायचं, म्हणजे स्प्रॉकेट आणि फ्रेमच्या मधे मॅन्युअलमधे सांगितलेल्या मापाची जाड पिन घालायची, हाताला लागेल तो रॉड नाही. इंजिन फुल, ट्रॅव्हल लिव्हर हळूहळू पूर्ण. मोटर फिरू शकत नाही, रिलीफला जाते, प्रेशर पूर्ण ३५० बारच्या आसपास (तुमच्या मशीनचा सेट आकडा काय असेल तो). थोडा वेळ स्थिर होऊ द्या, मग एक मिनिट बादलीत धरा आणि मोजा. दोन्ही दिशांना मोजा. आणि एक गोष्ट सहसा कोणी करत नाही ती करा, पिन काढून मोटर थोडी फिरवा, परत लॉक करा, परत मोजा, असं तीन-चार वेळा. कारण ब्लॉक ज्या जागेवर थांबतो तिथे कुठले पिस्टन प्रेशरखाली आहेत त्यावर आकडा बदलतो. एकच पिस्टन किंवा एकच शू खराब असेल तर एका जागेला आकडा चांगला येतो आणि दुसरीकडे एकदम वाढतो. एकाच रीडिंगवर निकाल देणारा यात हमखास फसतो.

किती म्हणजे जास्त? तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधे दोन आकडे असतात, नव्या मोटरीचा आणि कमाल चालेल तो. तेच धरा, माझा किंवा दुसऱ्या कोणाचा ठोकताळा धरू नका, कारण मोटरीच्या साइजप्रमाणे हे आकडे खूप बदलतात. मॅन्युअल नसेल तर तुमच्याकडे अजून एक माप आहे, ते म्हणजे उजवी मोटर. तेच ऑइल, तेच तास, तेच काम. उजवी मिनिटाला ४ लिटर देते आणि डावी १८ देते तर मग फार विचार करण्यासारखं उरत नाही. उजवी ७ आणि डावी ८ देत असेल तर डाव्या मोटरीला दोष देऊ नका, मग कारण दुसरीकडे आहे.

ड्रेन मोजतानाच मोटरीच्या इनलेटला गेज लावलेलं असू द्या, कारण दोन्ही आकडे एकत्र वाचले की चित्र साफ होतं. प्रेशर चढत नाही आणि ड्रेन धो धो वाहतो, तर मोटर आतून गेली. प्रेशर चढत नाही आणि ड्रेनही कमी, म्हणजे ऑइल मोटरीपर्यंत पोचतच नाही किंवा रिलीफ, काउंटरबॅलन्स असल्या एखाद्या व्हॉल्व्हमधून परस्पर रिटर्नला पळतंय, ते ड्रेनच्या बादलीत दिसत नाही. आणि पिन काढून मशीन चालवताना प्रेशर भरपूर, ड्रेन नॉर्मल, तरी ट्रॅक हलायला कुरकुर करतो, तर मोटर पूर्ण ताकद लावतेय आणि तिला कोणीतरी अडवतंय. पार्किंग ब्रेक नीट सुटत नसेल, फायनल ड्राइव्हचं (मोटर आणि स्प्रॉकेटच्या मधला गिअरबॉक्स) प्लॅनेटरी गिअर किंवा बेअरिंग अडकत असेल, नाहीतर ट्रॅकमधेच काहीतरी आवळलं असेल. ब्रेक धरून ठेवणारी बाजू सकाळी थंड असतानाही जड असते, हा फरक लक्षात ठेवा. आणि हबला हात लावून बघायची सवय असेल तर सोडा, इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा.

थर्मामीटर अजून एका कामाला येतो. प्रेशरखालचं ऑइल काहीच काम न करता फटीतून निसटतं तेव्हा त्याच्यातली सगळी ऊर्जा उष्णता होते, दर १०० बारला साधारण ६ डिग्री. म्हणजे ३५० बारवरून केसिंगमधे झिरपलेलं ऑइल आत आलं त्यापेक्षा सुमारे २० डिग्री गरम असतं. चांगल्या मोटरीत असं ऑइल थोडंच असतं म्हणून ते जाणवत नाही, झिजलेल्या मोटरीत भरपूर असतं आणि केसिंग तापतं. अर्धा तास काम करून दोन्ही मोटरींच्या केसिंगचं तापमान घ्या. बादलीची टेस्ट रोज करता येत नाही, हे मात्र रोज करता येतं, फार तर दोन मिनिटं लागतात.

आता ऑपरेटरचं म्हणणं, की अजून सीझन निघेल. तो खोटं बोलत नाहीये, त्याला सपाटीवर फुल स्पीडला फरक कमी जाणवतो. समजा फुल स्पीडला मोटरीला मिनिटाला २०० लिटर ऑइल मिळतं आणि त्यातलं २० गळतं, तर स्पीड १० टक्क्यांनी कमी, ते कोणी बघत नाही. पण चढावर, लोडखाली, हळू चालताना त्याच मोटरीला ४० लिटरच मिळत असतं आणि प्रेशर जास्त असल्यामुळे गळती २० च्या खाली काही येत नाही, म्हणजे अर्धं ऑइल वाया. म्हणून झिजलेली मोटर आधी हळू आणि जड कामात उघडी पडते, वळताना, चढावर, ट्रेलरवर चढवताना. आणि हेच प्रसंग सगळ्यात धोक्याचे असतात. ट्रेलरच्या रॅम्पवर एक ट्रॅक मागे पडला तर मशीन तिरकं होतं. हे ऑपरेटरला सांगा, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

फिल्टरबद्दल. केस ड्रेनला वेगळा फिल्टर असेल तर तो, नाहीतर रिटर्न फिल्टर, काढून फेकू नका, कापून उघडा, कागद पसरा, मॅग्नेट फिरवा. बारीक करडी पेस्ट थोडी असणारच. पितळेचे सोनेरी चकाकणारे कण दिसले तर शू किंवा व्हॉल्व्ह प्लेटचं घर्षण चालू आहे. मॅग्नेटला चिकटणाऱ्या, नखाला टोचतील अशा पापड्या दिसल्या तर बेअरिंगचे पदर सुटतायत आणि मग तासांची चर्चा बंद, मशीन उभं करा. हायड्रॉलिक ऑइलची लॅब टेस्ट करून घेता येत असेल तर तांबं, लोखंड आणि सिलिकॉन हे तीन आकडे बघा. सिलिकॉन वाढलं म्हणजे धूळ आत येतेय, बहुतेक सिलिंडरच्या वायपर सीलमधून किंवा टाकीच्या ब्रीदरमधून, आणि मोटर त्या धुळीने झिजतेय. धूळ थांबवली नाही तर नवीन मोटरही त्याच वाटेने जाणार.

बाहेरून ऑइल गळतंय म्हणून मोटर बदलायला निघालेलेही खूप भेटतात. शाफ्ट सील गळणं म्हणजे मोटर झिजणं नव्हे, पण सील का गेलं हे न विचारता नवीन सील ठोकणंही चूक. सील तीन कारणांनी जातं: वयाने आणि उष्णतेने कडक होऊन (ऑइल ८२ डिग्रीच्या वर सतत राहिलं की बहुतेक सीलचं आयुष्य झपाट्याने घटतं), बेअरिंग झिजून शाफ्ट हलायला लागल्यामुळे, किंवा केसमधलं प्रेशर वाढल्यामुळे. केस प्रेशर कमी रेंजच्या गेजने मोजा, बऱ्याच मोटरींच्या सीलला सतत २-३ बारपेक्षा जास्त चालत नाही, तुमचा आकडा मॅन्युअलमधे बघा. छोट्या मशीनमधे ड्रेन लाइनला जो चिमुकला फिल्टर असतो तो चोंदला की केस प्रेशर वाढतं, सील उडतं आणि हायड्रॉलिक ऑइल फायनल ड्राइव्हच्या हबमधे भरतं. म्हणून हबची लेव्हल बघताना ऑइल कमी आहे का एवढंच बघू नका, जास्त झालंय का आणि पातळ झालंय का तेही बघा.

स्विंग मोटरीचं, म्हणजे मशीनचा वरचा भाग फिरवणाऱ्या मोटरीचं, मोजायचं तत्त्व हेच. लक्षणं थोडी वेगळी, उतारावर ब्रेक लागायच्या आधी वरचा भाग आपोआप सरकतो, थांबवताना जास्त पुढे जातो. गिअर आणि ऑर्बिट मोटरींना बऱ्याचदा केस ड्रेनच नसतो, तिथे लोडवर आणि बिनलोड किती फेरे कमी होतात ते मोजायचं, आणि ऑर्बिट मोटर हळू स्पीडला अडखळत, धक्के देत फिरायला लागली की तिचे दिवस भरत आले असं समजायचं. अशा छोट्या मोटरी रिपेअर करण्यात मला कधी अर्थ वाटलेला नाही, सरळ बदला.

पण तुमच्यासारख्या मोठ्या मोटरीला रिपेअर की नवीन, हा खरा प्रश्न आहे. ते मोटर खोलल्यावर ठरतं, पण खोलायच्या आधी थोडा अंदाज बांधता येतो. ड्रेन मर्यादेच्या वर गेलाय, पण फिल्टर स्वच्छ आहे, आवाज नाही, तर ही हळूहळू झालेली झीज आहे आणि रिपेअरची शक्यता चांगली. अशा वेळी ब्लॉकचं तोंड आणि व्हॉल्व्ह प्लेट लॅप करून (बारीक घासून सपाट करून) मिळू शकते, जर आकडा कंपनीच्या मर्यादेत राहत असेल तर. शू आणि पिस्टनच्या गोळ्यातला प्ले वाढला असेल तर पिस्टनचा पूर्ण सेट बदला, दोन पिस्टन नवे आणि सात जुने असलं काम करू नका. बोअरमधे उभे ओरखडे नखाला लागत असतील तर ब्लॉक गेला. व्हॉल्व्ह प्लेट, ब्लॉक आणि पिस्टन तिन्ही गेले असतील आणि वर केसिंगमधे बेअरिंगची बसायची जागा फिरलेली असेल तर रिपेअरचा हट्ट सोडा, पूर्ण मोटर घ्या. बेअरिंग आणि सील मात्र मोटर खोलली की बदलायचेच, ते चांगले दिसतात म्हणून परत घालायचे नाहीत. आणि ब्लॉक-व्हॉल्व्ह प्लेट ही जोडी आहे, एक नवीन आणि एक जुनी ओरखडलेली असं लग्न लावलं तर नवीनही जुन्यासारखी होते.

मोटर बदलायला वाट बघत बसण्याची किंमत काय असते तेही सांगतो. एका रोलरची ड्राइव्ह मोटर आवाज करत होती, मालकाला काम उरकायचं होतं, चार दिवसांचाच प्रश्न होता. रोलरची ड्राइव्ह क्लोज्ड लूप असते, म्हणजे मोटरीतून निघालेलं ऑइल टाकीत न जाता सरळ पंपाच्या तोंडात जातं. तिसऱ्या दिवशी एक शू तुटला, आतली रिटेनर प्लेट फुटली, आणि सगळा चुरा पंपात, पंपाचा परत मोटरीत. मोटर, पंप, होज, कूलर, सगळं गेलं. तुमच्या एक्सकॅव्हेटरमधे ओपन सर्किट आहे, रिटर्नला फिल्टर आणि टाकी मधे आहे, त्यामुळे एवढा विध्वंस लगेच नाही होणार, पण फिल्टर चोंदून त्याचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडला की चुरा पुढे जातोच.

म्हणून माझा ठरवण्याचा हिशोब असा आहे. ड्रेन मर्यादेच्या खाली आणि फिल्टर स्वच्छ असेल तर चालवा, पण महिन्याला एकदा त्याच तापमानाला मोजून वहीत लिहा. आकडा मर्यादेच्या आत असला तरी तीन महिन्यांत दुप्पट झाला असेल तर वाट बघू नका, मी वर सांगितलेला घनाचा हिशोब आठवा, इथून पुढे तो वेगाने पळणार, आता मशीन रिकामं असेल तो आठवडा धरून मोटर उतरवा, म्हणजे ती रिपेअर होण्याच्या अवस्थेत हातात येईल. मर्यादा ओलांडली असेल तर काम थांबवायची तारीख तुम्ही ठरवा, मोटरीला ठरवू देऊ नका. आणि धातूच्या पापड्या, नवा घरघराट किंवा केसिंग अचानक तापणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी उभं करा. तासांच्या मीटरवरून मी कधी मोटर बदललेली नाही. ५ हजार तासांत संपलेल्या बघितल्यात आणि १२ हजारला टेस्टमधे पास झालेल्याही बघितल्यात, फरक फक्त ऑइल किती स्वच्छ ठेवलं एवढ्याचा होता.

बदलायचं ठरलंच तर नवीन मोटर लावण्याआधीचं काम टाळू नका. जुनी मोडून पडली असेल तर टाकी उघडून धुवा, होज साफ करा, सगळे फिल्टर बदला, कूलर नीट फ्लश झाल्याची खात्री नसेल तर तोही बदला कारण त्याच्या नळ्यांत अडकलेला चुरा हळूहळू सुटत राहतो. नवीन ऑइल ड्रममधून थेट ओतू नका, ड्रममधलं ऑइल पिस्टन मोटरीला हवं तेवढं स्वच्छ नसतं, फिल्टर लावलेल्या ट्रान्सफर पंपाने भरा. पिस्टन मोटरींसाठी आयएसओ ४४०६ (ऑइलमधले कण मोजून स्वच्छता ठरवायचा कोड) प्रमाणे १८/१६/१३ च्या आसपासची स्वच्छता धरतात, त्या कोडमधला प्रत्येक अंक वाढला की कणांची संख्या साधारण दुप्पट होते, म्हणजे २२/२०/१७ असलेल्या ऑइलमधे सुमारे १६ पट घाण आहे.

आणि बसवल्यावर, होज जोडायच्या आधी, केसिंग वरच्या ड्रेन पोर्टमधून स्वच्छ ऑइलने काठोकाठ भरा. हे विसरलेली नवीन मोटर पहिल्या काही सेकंदांत कोरडी फिरते आणि शू जळतात, मग तुम्ही म्हणता माल डुप्लिकेट होता. इंजिन आयडलवर, बाजू उचलून, बिनलोड दोन्ही दिशांना पाच-दहा मिनिटं हळूहळू फिरवा, हवा निघू द्या, ऑइलची लेव्हल परत बघा, मगच लोड. ५० तासांनी फिल्टर कापून बघा. आणि त्याच दिवशी नव्या मोटरीचा केस ड्रेन मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण पुढच्या वेळी हा प्रश्न पडेल तेव्हा तुलना करायला तोच आकडा लागणार आहे.

तुमच्या बाबतीत आता क्रम असा ठेवा: उद्या सकाळी थंड आणि दुपारी गरम, दोन्ही केसिंगचं तापमान आणि चढावरची वेळ. मग होजची अदलाबदल. दोष डावीकडेच राहिला तर दोन्ही मोटरींचा केस ड्रेन, मोटरीच्या तोंडावर, प्रत्येकी तीन-चार जागांवर, इनलेटच्या गेजसकट. डाव्याचा आकडा उजव्यासारखाच निघाला तर सेंटर जॉइंट खोला, त्याचा सील किट मोटरीच्या तुलनेत किरकोळ आहे आणि ९ हजार तासांना तो तसाही बदलायला झालेला असतो.